काही नाही, पण असावा

फाळका खाली येताना त्यानं गुडघा पुढे केला आणि मला माझा भाऊ दिसला. तोवर कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता कुणीतरी एक माणूस होता: तोंडाला रुमाल, कपाळापर्यंत ओढलेली टोपी, हातात चाकं खोलायची लोखंडी टॉमी. कालची जेवणाची सुट्टी, प्रदर्शनाच्या दालनाचं शटर अर्धं खाली, आणि मधोमध चबुतऱ्यावर आमची नवी पिकअप, जी आज लोकांना दाखवायची होती. तो वाकून शटरखालून आत आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागे जाऊन हौद्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, उघडला. उघडताना डावा गुडघा त्याच्याखाली धरला. आमच्या फाळक्याला गुडघ्याची काही गरज नाही, तो आपोआप सावकाश खाली येतो, जाहिरातीत तसं लिहिलंय, लिहिणारी मीच. पण त्यानं गुडघा धरला. "आता बघा हां मॅडम, मजा," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "ओळखता का याला? त्या जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांत तुमची ऊठबस असते म्हणून बोलावलं." मी म्हणाले, "नाही." इतक्या पटकन म्हणाले, की त्यांनी बिस्कीट चहात बुडवायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग मी सावरून घेतलं. "तोंड झाकलंय ना," म्हणाले, "पुन्हा लावा बघू."

गुडघा बाबांनी शिकवला. बाबांची पिकअप होती, दोन दारांची, पुढे तिघांपुरतं एकच सलग बाक आणि मागे असा लांबलचक हौदा, की त्यात कपाट आडवं झोपवलं तरी त्याच्या पायथ्याशी आम्ही दोघं भावंडं बसायचो. लोकांची घरं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवायची, हा त्यांचा धंदा. फाळका लोखंडी, जड. साखळ्या काढल्या की धाडकन आपटायचा, आणि आपटला की बिजागऱ्या ढिल्या होतात, असं बाबांचं म्हणणं. म्हणून आधी गुडघा लावायचा, वजन घ्यायचं, मग सोडायचं. आणि काही झालं तरी फाळका उघडा टाकून जायचं नाही. आपटला, की बाबा सीटखालून जुना फॅनबेल्ट काढायचे. ओरडायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत, बिजागरीला तेल घालावं इतक्या शांतपणे मारायचे. एकदा भर बाजारात दादाच्या हातून फाळका निसटला. बाबांनी त्याला हौद्यात चढवलं आणि हौद्यातच मारलं. हौद्याच्या भिंती कमरेएवढ्या, सगळ्या दुकानदारांना सगळं दिसत होतं. पट्टा पाठीवर बसला की ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा आवाज यायचा. मी खाली उभी राहून फाळका दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला होता, उगाच, आता तो कशाला पडतोय. त्या दिवशी दादा पालथा पडून मला म्हणाला, "छोटे, मी मोठा झालो ना, की हीच गाडी चालवणार." मला वाटलं होतं, म्हणेल, हीच गाडी जाळणार. ज्या हौद्यात मार खाल्ला त्याच हौद्यावर जीव कसा जडतो, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. पण जडतो. माझाही जडला होता. कपाटाला पाठ लावून, वारा तोंडात घेत, उलट्या पळणाऱ्या रस्त्याकडे बघत जाण्यासारखं सुख मला पुढे कशातही मिळालं नाही, लग्नात नाही, बढतीत तर नाहीच.

पडद्यावर आता दादा हौद्यात चढला. आवाज नव्हता, त्यामुळे सगळं फार स्वच्छ दिसत होतं. पहिला घाव मागच्या काचेवर. काच फुटली नाही, नुसती पांढरी झाली. दुसऱ्या घावाला आत गेली. मग तो टपावर चढला, टपावर घाव घालत घालत पुढे गेला, बॉनेटवर उतरला, दिवे फोडले, आरसे उडवले, दार उघडून आत वाकला, आणि स्टिअरिंगशेजारचा तो मोठा पडदा, ज्याच्यासाठी आम्ही बैठकांत घसे फोडले होते, तो टॉमीच्या टोकानं खरवडून काढला, पातेल्याच्या बुडाचं करपलेलं काढतात तसा. "माजलाय," अधिकारी म्हणाले. मी म्हणाले, "पुन्हा लावा." त्यांनी पुन्हा लावलं. प्रत्येक घावाबरोबर माझा उजवा खांदा आतल्या आत हलत होता. मला लाज वाटायला हवी होती, भीती तर वाटायलाच हवी होती, पण खरं सांगायचं तर मला आनंद होत होता, घाणेरडा, तोंडाला पाणी सुटावं तसला आनंद. एक दिवा फुटला की वाटे, दुसराही. आरसा उडाला की वाटे, त्या जागी आमच्या साहेबांचं डोकं असतं तर. मी मनातल्या मनात ती गाडी इतकी बडवत होते की दादा कमी पडत होता. मग शेवट आला. तो खाली उतरला, दम खात उभा राहिला, टॉमी काखेत धरली, आणि निघायच्या ऐवजी मागे जाऊन फाळका लावायला लागला. "फोडतो काय, लावून घेतो काय! चोर आहे का जावई?" अधिकारी हसले. हा फाळका थोडा वर ढकलला की पुढे मोटर तो स्वतःच ओढून घेते. मध्ये हात आला तर थांबायचं, हेही तिला कळतं, पण प्रदर्शनातल्या गाडीत ती तार अजून जोडलेली नव्हती. दादाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, आपल्यालाच लावायचाय. उजवा हात कडेवर ठेवून तो फाळका नीट, मायेनं बसवायला गेला आणि फाळक्यानं त्याची बोटं आत घेतली. रुमालाच्या आत त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. डाव्या हातानं टॉमी फटीत घालून त्यानं फाळका उचकटला, हात सोडवून शर्टाच्या आत घातला आणि चालत, पळत नाही, चालत शटरखालून निघून गेला. तिसऱ्यांदा बघतानाही मी त्या हातापाशी थांबले नाही. मला पुन्हा दिवे बघायचे होते.

आमच्या नियोजन विभागात माणसांचे दोनच प्रकार आहेत, हौशी आणि गिऱ्हाईक. हौशी म्हणजे जे सह्या गोळा करतात, सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्या ओळीनं लावून एकमेकांची इंजिनं बघतात आणि लेकाचं कौतुक करावं तसं गिअरच्या दांड्याचं कौतुक करतात. त्यांना हवी असते दोन दारांची गाडी, हातानं टाकायचे गिअर, हातानं फिरवायच्या काचा, पडदा नको, लाड नकोत, आणि हौदा लांब. गिऱ्हाईक म्हणजे जे गाडी घेतात. हे वाक्य आमच्या टक्के साहेबांचं. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, ते बायकोशीही टक्केवारीत बोलत असावेत असं आम्ही म्हणतो. "हौशी टाळ्या वाजवतो आणि जुन्याच गाडीत बसून घरी जातो," असं ते म्हणतात, आणि हे खोटं नाही, तेच तर दुखणं आहे. दादाच्या हौशी मंडळातली माणसं छातीवर हात ठेवून सांगतात, तुम्ही तशी गाडी काढा, उद्या रांग लावतो. त्यांतल्या एकानंही उभ्या जन्मात नवी गाडी घेतलेली नाही, दादा धरून. गिऱ्हाइकाला आम्ही विचारलं होतं, वर्षभरात हौद्यात काय काय वाहिलंत? बहुतेक म्हणाले, काही नाही. मग हौदा नसला तर चालेल? तर म्हणाले, छे, असावा. एकानं तर एका दमात सांगून टाकलं, "काही नाही, पण असावा." टक्के साहेब त्यावर इतके खूश झाले की हे शब्द त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले, पुसायला बंदी. आमची गाडी त्या शब्दांवर बेतलेली आहे. चार दारं, मागे पोरांना ऐसपैस जागा, शेजारच्या गाड्या खुज्या वाटाव्यात अशी उंची, आणि मग जी जागा उरेल तिच्यात हौदा, असण्यापुरता. कपाट त्यात उभं राहील, झोपणार नाही. मी हे सगळं समजून उमजून मांडलं, माझी आकडेमोड चोख होती. गिऱ्हाईक काही मूर्ख नाही. त्याला पोरं आहेत, सासू आहे, नोकरी आहे, आणि आठवड्यातून एकदा त्याला वाटतं की मनात आणलं तर आपण सगळं गाठोडं हौद्यात टाकून निघून जाऊ. जाणार नाही, पण तो असावा. कधीकधी वाटतं, दादाही माझ्या आयुष्यात तसाच होता. वर्षानुवर्षं काही नाही, पण असावा.

हौशांची सभा कंपनीनं घेतली ती नुसती तोंडदेखली, आणि बोलायला उभं केलं मला. दादा तिसऱ्या रांगेत बसला होता. तो माझा भाऊ आहे हे कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. लग्नानं आडनाव बदललं होतं आणि बाकीचं मी बोलले नव्हते, कारण टक्के साहेबांच्या डोळ्यांत हौशाची बहीण म्हणजे निम्मी हौशीच. सगळ्यांचं झाल्यावर तो उठला. "लांब हौद्याच्या थोड्या तरी काढा की," म्हणाला, "सगळ्यांसाठी नाही, ज्यांना लागतात त्यांच्यासाठी." आवाज थोडा कापत होता, त्याला माणसांपुढे बोलायची सवय नाही. आणि मी माइकमध्ये म्हणाले, "आपला प्रश्न फार चांगला आहे. आपण आपलं नाव सांगाल का?" सख्ख्या भावाला आपण. ज्यानं माझ्या वाटचेही फटके खाल्ले होते, त्याला आपण. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाव राहू द्या मॅडम," आणि खाली बसला. त्या मॅडमचा मला इतका राग आला की मी उत्तर मुद्दाम लांबवलं, मुद्दाम इंग्रजी शब्द घुसडले, मुद्दाम त्याच्या डोक्यावरून बोलले. सभा संपल्यावर तो दारात गाठेल, चार शब्द सुनावेल, एक ठेवूनही देईल, असं मला वाटत होतं. लहानपणी द्यायचा. बाबांनी त्याला मारलं की तो मला मारायचा, आमच्या घरात ते असंच चालायचं, आणि मला मारायला माझ्याखाली कुणी नव्हतं, म्हणून मी भिंतीला लाथा घालायचे. पण तो दारात थांबला नाही. काल टॉमी घेऊन आला तो सरळ गाडीकडेच.

पोलिसांना अजून कळवलेलं नव्हतं. ते आता कळवतील आणि आपल्याला पुन्हा एकदा नाही म्हणावं लागेल, अशी तयारी करून मी टक्के साहेबांच्या खोलीत गेले, तर साहेब चक्क गुणगुणत होते. दालनातल्या झाडूवाल्या बाईनं खांबाआडून सगळा प्रकार मोबाइलवर टिपला होता आणि कालपासून तो घराघरांत पोचला होता. "टप बघा टप!" साहेब मला दाखवत होते. "इतकं बडवलं तरी दार उघडतंय. लोक वेडे झालेत. सकाळपासून बुकिंग चौपट. हा माणूस मला हवाय." मी विचारलं, "पोलिसांना द्यायला?" "छे हो, फोटोला. फुटक्या गाडीशेजारी उभा करायचा, हातात तीच टॉमी. खाली ओळ: ज्याला आवडली नाही, त्यालाही मोडता आली नाही." मी विचारलं, "आणि तो नाही म्हणाला तर?" "तर संध्याकाळी तक्रार जाते, घुसखोरी, तोडफोड, सगळी कलमं. आला, तर हाताचा इलाज आपला, आजच्या आज, चांगल्यातल्या चांगल्या इस्पितळात. त्या बोटांचं काही खरं नाही, बघितलंत ना तुम्ही?" मी म्हणाले, "बघितलं." "तुम्ही शोधून काढा. हौशी आहे, टाळ्या मिळतात म्हटल्यावर नाचत येईल." त्यांच्या टेबलावर पाकिटं फोडायची सुरी होती. मी ती उचलली आणि त्यांच्या मानेत, कॉलरच्या वर, जिथं एक शीर उडत होती तिथं खुपसली. साहेब बोलतच राहिले, कारण मी सुरी उचललेलीच नव्हती. मी "बघते सर" म्हणून बाहेर आले. जिना उतरले आणि तशीच दादाच्या घरी निघाले.

दादाचं घर म्हणजे पुढे गाडीची पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्या. शेडमध्ये बाबांची पिकअप उभी, चकचकीत, तेल प्यायल्यासारखी. वहिनी दारातच होती, डोळे सुजलेले. "बरं झालं आलात ताई," ती म्हणाली. "यांना सांगा तुम्ही तरी. कालपासून म्हणतेय इस्पितळात चला, हात बघवत नाही. तर म्हणतात, पोलिस यायचेत, घरी सापडलो नाही तर पळाला म्हणतील." आत दादा खुर्चीत ताठ बसला होता. दाढी केलेली, डाव्या हातानं, म्हणून हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेली. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायाशी कपड्यांची पिशवी. उजवा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. कुणी पाहुणे बघायला येणार असल्यासारखा तो तयार होऊन बसला होता.

"आले का?" त्यानं माझ्या मागे बघत विचारलं.

"कोण?"

"पोलिस."

"नाही. मी एकटीच आलेय."

"माझं नाव सांगितलंस ना?"

"वेडा आहेस का? मी म्हटलं, ओळखत नाही."

तो त्या सभेत बघत राहिला होता तसाच बघत राहिला. "खरंच ओळखलं नाहीस?"

"गुडघा लावलास आणि ओळखलं. अख्खं तोंड झाकलंस आणि गुडघा लावलास, मूर्खा."

"मग?"

"मग काय मग? वाचवलं तुला!"

"तुला कुणी सांगितलं होतं वाचवायला?" तो शांतपणे म्हणाला, आणि ती शांतता बाबांची होती. "मला वाटलं, दुसरं कुणी नाही तरी ही म्हणेल. चारचौघांत उभी राहून म्हणेल, हा माझा भाऊ आहे. मग मला कोर्टात उभं करतील, तिथं मी बोलणार होतो. तिथं तरी कुणी मला आपला प्रश्न चांगला आहे म्हणून खाली बसवलं नसतं."

मी मग एका दमात सगळं सांगून टाकलं, बुकिंग, फोटो, ती ओळ, इस्पितळ, संध्याकाळपर्यंतची मुदत. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी तो फोटोला नाही म्हणेल म्हणून सांगत नाहीये, तो चिडेल म्हणून सांगतेय. मला त्याला पुन्हा चिडलेलं बघायचं होतं. मग त्यानं विचारलं, "लांब हौदा काढतील?"

"नाही."

"विचारलंस तू?"

"काय विचारायचं, दादा! कुणी घेत नाही तसली गाडी. तूसुद्धा घेणार नाहीस."

"मी घेतली असती."

"खोटं! तुला नवी गाडी नकोच आहे. तुला बाबांचीच गाडी पुन्हा नवी करून हवी आहे, पट्ट्यासकट!"

तोंडातून निघून गेलं. तो उठला तशी खुर्ची मागे पडली. कोपऱ्यातली टॉमी त्यानं डाव्या हातात घेतली आणि घातली ती माझ्या कानाशेजारच्या भिंतीत. गिलावा माझ्या केसांत, तोंडात आला. "मार ना," मी म्हणाले, "भिंतीला काय मारतोस, मला मार. सभेत मारायचं होतंस, गाडीला कशाला मारलंस?" मी त्याची कॉलर धरली, शर्टाची बटणं तुटून उडाली, त्यानं मला ढकललं, मी कपाटावर आपटले आणि परत त्याच्या अंगावर गेले. आमच्या वयाला शोभेल असं त्यात काही नव्हतं. "मोडता आली नाही म्हणतात?" तो ओरडत होता. "मी मोडली ती! मी मोडली!" "मोडलीस ना, मग सांग की जगाला!" मीही ओरडत होते. वहिनी मध्ये पडायला बघत होती आणि आम्ही दोघंही तिला कोपरानं बाजूला सारत होतो. शेवटी दोघांनाही धाप लागली. टॉमी खाली टाकून तो म्हणाला, "हिंमत असेल तर आता सांग माझं नाव. माझ्यासमोर सांग."

मी फोन लावला. "सापडला का?" टक्के साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मी म्हणाले, "सापडला. तो माझा सख्खा भाऊ आहे. तो फोटोला येणार नाही. तुम्ही पोलिसांत तक्रार द्या." मग साहेब म्हणाले, "तुमचा भाऊ? अहो, मग तर सोन्याहून पिवळं! बहीण बनवते, भाऊ फोडतो. तुम्हीही फोटोत या, मी आत्ता इस्पितळात सांगून ठेवतो, त्याला घेऊन थेट तिथंच..." "तक्रार द्या!" मी किंचाळले. "नाहीतर मी स्वतः जाऊन देते!" आणि फोन बंद केला. माझी नोकरी गेली होती, हे मला कळत होतं, आणि त्याचं काहीही वाटत नव्हतं. दादा हसला. बाबा गेल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. आम्ही पुन्हा एका बाजूला होतो, कपाटाला पाठ लावून बसल्यासारखे. माझा ऊर इतका भरून आला की मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा वहिनीनं मला मारलं. लग्न होऊन आल्यापासून मला ताई म्हणणारी, अहोजाहो करणारी, मी आले की बसायला पुसून खुर्ची देणारी वहिनी, तिनं माझ्या गालावर असा हात ओढला की माझे दात गालात रुतले. "इस्पितळात सांगतो म्हणत होता ना तो?" ती म्हणाली. "आत्ता सांगतो म्हणत होता, आणि तू फोन ठेवलास? ठेवलास फोन?" मी काही बोलायच्या आत ती दादाकडे वळली. त्याचं मनगट धरलं आणि टॉवेल सोडवायला लागली. तो आतून चिकटला होता, तिनं ओढून काढला. "बघ," ती मला म्हणाली. "गाडी बघू नको, हौदा बघू नको, हे बघ. तुम्ही दोघंही बघा." खोलीत एक गोडसर घाण वास पसरला. तीन बोटं काळीनिळी, फुगून एक झालेली, कातडी फाटून आतलं पांढरं दिसत होतं, करंगळी भलत्याच बाजूला वळलेली. आज पडद्यावर मी तीनदा तोच भाग पुढे जाऊ दिला होता. दादानं मान खाली घातली आणि कुणीतरी भलतंच काही त्याच्या मांडीवर ठेवून गेल्यासारखा तो त्या हाताकडे बघत राहिला. त्यानं बोटं हलवायचा प्रयत्न केला. हलली नाहीत. तेव्हा कुठं दादाला दुखायला लागलं.